सामायिक दस्तऐवजात गटाचे काम: कोणी काय लिहिले हे कसे ओळखावे?

वर्गशिक्षिका, सातारा

मी नववीला जलसुरक्षा शिकवते. यंदा प्रत्येक गटाने गावातल्या विहिरींची पाहणी करून प्रकल्प गुगल डॉक्सवर एकत्र लिहायचा आहे. लिंक मिळालेल्या कोणालाही मजकूर बदलता येत असल्यामुळे एका मुलीने लिहिलेले पाणीपातळीच्या नोंदींचे पान दुसऱ्या कोणाच्या हातून पुसले गेले. शिवाय गुण प्रत्येकाला स्वतंत्र द्यायचे असताना कोणी किती काम केले हेच कळत नाही. घरीही असाच घोळ आहे. सासूबाईंच्या औषधांचा आणि दवाखान्याच्या खर्चाचा तक्ता यजमान, दीर आणि अमेरिकेतल्या नणंदबाई मिळून गुगल शीट्समध्ये भरतात, पण त्यातल्या तारखा उलटसुलट होतात. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

संगणक शिक्षक, लातूर

पुसलेले पान परत मिळेल. संगणकावरच्या ब्राउझरमध्ये दस्तऐवज उघडून ‘फाइल’मधील ‘आवृत्ती इतिहास’ पाहावा. तेथे तारीख-वेळेनुसार जुन्या आवृत्त्या दिसतात आणि प्रत्येकाने केलेला बदल वेगळ्या रंगात दिसतो. मात्र जुनी आवृत्ती सरसकट पुनर्स्थापित केल्यास त्यानंतर इतर मुलांनी लिहिलेला मजकूरही चालू प्रतीतून जाईल, म्हणून हवे तेवढेच पान जुन्या आवृत्तीतून उचलून नव्या प्रतीत चिकटवणे श्रेयस्कर.

नावे कळण्याचा प्रश्न वेगळा आहे. लिंक सर्वांसाठी खुली असेल आणि मूल स्वतःच्या खात्याने आत आलेले नसेल, तर इतिहासात त्याची नोंद निनावी राहते. वडिलांच्या फोनवरून लिहिले तर वडिलांचे नाव उमटते. त्यामुळे लिंकवरचा खुला प्रवेश बंद करून प्रत्येकाला ईमेलने बोलवावे. गुगल खात्यासाठी आपल्याकडे 13 वर्षांची अट असल्याने नववीच्या मुलांना ते अडू नये. गटातल्या मुलांना संपादनाचा आणि इतर गटांना फक्त टिप्पणीचा अधिकार द्यावा, आणि संपादकांनी परस्पर आणखी कोणाला प्रवेश देऊ नये यासाठी शेअरिंगच्या सेटिंगमधली ती मुभाही काढून टाकावी.

हिशेबनीस, ठाणे

तारखांच्या घोळाचे मूळ बहुधा शीटच्या लोकॅलमध्ये, म्हणजे कोणत्या देशाच्या पद्धतीने तारखा वाचायच्या हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये आहे. ते अमेरिकेचे असेल तर 5/4 ही नोंद 4 मे अशी वाचली जाते, आणि 25/4 ही तारीखच न मानता साधा मजकूर म्हणून चौकटीत डावीकडे चिकटून बसते. मग तारखेनुसार क्रम लावला की अशा ओळी भलतीकडे जातात. ‘फाइल’मधील सेटिंग्जमध्ये जाऊन लोकॅल भारत करावे. त्याने आधी चुकीच्या वाचल्या गेलेल्या तारखा मात्र आपोआप सुधारत नाहीत, त्या पावत्या समोर ठेवून हातानेच तपासाव्या लागतील. औषधाच्या मात्रेचा रकाना संरक्षित करून तो बदलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवावा, कारण खर्चाचा आकडा चुकला तर निस्तरता येतो, गोळीचा नाही.

निवृत्त मुख्याध्यापिका, नाशिक

वरील उपाय योग्यच आहेत, परंतु रंगीत ओळी मोजून गुण देण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. विहिरीत दोर सोडून पाण्याची खोली मोजणारा मुलगा कदाचित एक ओळही टंकणार नाही, आणि ज्याच्या घरी फोन मोकळा असतो त्याच्या नावावर सगळा दस्तऐवज जमा होईल. पाहणीच्या नोंदी आधी वहीत घ्याव्यात, त्यावर नोंद घेणाऱ्याची सही असावी, आणि मग गटाने त्या डॉक्समध्ये उतरवाव्यात. आणखी एक: अशा दस्तऐवजांत मुलांचे पत्ते, पालकांचे मोबाइल क्रमांक सहज लिहिले जातात आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहते. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे, तेव्हा ही माहिती तेथे मुळी नसलेलीच बरी.

वर्गशिक्षिका, सातारा

सर्वांचे आभार. पान सापडले. वहीची सूचना उद्यापासूनच अमलात आणते. एक शंका उरली: शाळेतल्या जुन्या संगणकावर कृतिदेवमध्ये टंकलेला मजकूर डॉक्समध्ये अगम्य का दिसतो?

संगणक शिक्षक, लातूर

कृतिदेव हा युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र संकेतांक देणारी सर्वमान्य पद्धत, पाळणारा फॉन्ट नाही. त्यात इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असतात आणि फॉन्ट बदलताच मूळची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. तो मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणून चिकटवावा आणि जोडाक्षरे एकदा नजरेखालून घालावीत.