‘फ्रेस्को’ला ‘भित्तिचित्र’ म्हणावे का?

प्रश्न
चौदाव्या ते सोळाव्या शतकातील इटालियन चित्रकलेवरच्या एका लेखाचे मराठी भाषांतर करीत आहे. ‘फ्रेस्को’साठी मी सर्वत्र ‘भित्तिचित्र’ लिहीत आलो. पण लिओनार्दोच्या मिलानमधील ‘अखेरचे भोजन’पाशी अडलो, कारण ते भिंतीवर असले तरी फ्रेस्को नाही, असे मूळ लेखक म्हणतो. माझ्या वाक्यात त्याचे ‘हे भित्तिचित्र भित्तिचित्र नव्हे’ असे काहीतरी होऊन बसले आहे. कोणता शब्द सुचवाल?

प्रतिसाद १
‘भित्तिचित्र’ या शब्दावरून चित्र कोठे आहे ते कळते, तर ‘फ्रेस्को’वरून ते कसे काढले ते कळते, त्यामुळे प्रत्येक फ्रेस्को भित्तिचित्र म्हणता येईल, उलट मात्र म्हणता येणार नाही. इटालियनमध्ये ‘फ्रेस्को’ म्हणजे ताजे, आणि ताजा असतो तो गिलावा. चुन्याचा गिलावा ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेला रंग त्यावर लावतात, त्यात सरस, डिंक किंवा अंडे घालत नाहीत. गिलावा वाळत असताना चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनते आणि रंगाचे कण त्या थरात कायमचे अडकतात. (हॉटेलवाल्यांचे ‘अल फ्रेस्को’, म्हणजे उघड्यावरचे जेवण, याच शब्दातून आले, तेथे अर्थ गारव्याचा.)

लिओनार्दोला ही घाई मानवणारी नव्हती. ओला गिलावा काही तासच हाती असतो आणि त्याला तर पुन्हा पुन्हा हात फिरवून छटा मुरवायच्या होत्या. म्हणून 1495 ते 1498 या सुमारास त्याने कोरड्या भिंतीवर अंड्याच्या व तेलाच्या रंगांत काम केले. 1517 मध्ये ते पाहणाऱ्या एका प्रवाशाने चित्र खराब होऊ लागल्याची नोंद करून ठेवली आहे, म्हणजे चित्रकार हयात असतानाच. आपले वाक्य असे करता येईल: ‘हे भित्तिचित्र असले, तरी फ्रेस्को नाही, ते कोरड्या भिंतीवर काढलेले आहे.’

प्रतिसाद २
परका शब्द तसाच ठेवण्यापेक्षा ‘आर्द्रभित्तिचित्र’ का नको? शिवाय अजिंठ्याच्या चित्रांनाही फ्रेस्को म्हटलेले मी अनेकदा वाचले आहे. मग आपल्याकडे या तंत्राला जुना शब्द असलाच पाहिजे.

प्रतिसाद १
अजिंठ्याच्या चित्रांना फ्रेस्को म्हणणे ही सैल भाषा आहे. तेथे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात दिलेला असून, तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले आहेत, त्यामुळे तेथून शब्द मिळण्याची आशा कमी. ‘आर्द्रभित्तिचित्र’ व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण ते वाचताना मला पावसाळ्यात ओल धरलेली भिंत आठवते. माझे मत असे की ‘फ्रेस्को’ ठेवावा आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘ओल्या गिलाव्यावरचे चित्र’ असा खुलासा द्यावा.

पारिभाषिक संस्कृतापेक्षा या विषयात गवंड्यांची मराठी अधिक उपयोगी पडते. भिंतीवर आधी जाड, खरबरीत थर देत आणि त्यावर तांबड्या मातीने चित्राची आखणी करीत. तिला इटालियनमध्ये ‘सिनोपिया’ म्हणतात, काळ्या समुद्राकाठच्या सिनोप गावावरून. आपल्याकडे ‘गेरूची आखणी’ म्हटले की काम झाले. जुलै 1944 मध्ये पिसा येथील काम्पोसांतो या जुन्या दफनभूमीच्या इमारतीला आग लागली, तेव्हा वाचलेली चित्रे भिंतीवरून सोडवताना खालच्या या आखण्या उघड्या पडल्या आणि आज त्यांचे तेथे स्वतंत्र संग्रहालय आहे. आखणीवर चढतो तो गुळगुळीत, बारीक थर, आपला नीरूचा हात. दिवसभरात रंगवून होईल तेवढ्याच भागावर तो देत, आणि काम वरून खाली येई, म्हणजे आधी झालेले चित्र ओघळांनी बिघडत नसे.

प्रश्नकर्ता
आभार. पादुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलबद्दल लेखात आहे की जोत्तोने तेथे बहुतेक काम ओल्यावर केले, पण निळा रंग कोरड्यावर दिला आणि तो पुष्कळ ठिकाणी झडला. ते वाक्य आता सरळ लागले. मात्र दिवसभराच्या त्या तुकड्याला लेखक ‘जोर्नाता’ म्हणतो; तोही तसाच ठेवू का?

प्रतिसाद १
तो ठेवू नये, कारण मराठीत त्याला नेमका शब्द आहे: ‘रोज’. भिंतीला दहा रोज लागले, असे गवंडी म्हणतो तोच. शेजारच्या दोन रोजांच्या सांध्यावर नंतरचा गिलावा आधीच्यावर किंचित चढलेला असतो, आणि तिरप्या उजेडात तो सांधा पाहून कोणता भाग आधी रंगवला हे अभ्यासक ओळखतात. व्हॅटिकनमधील सिस्टीन चॅपेलच्या छताचे मायकेलॲन्जेलोचे काम 1508 ते 1512 चालले, त्याचा क्रमही तज्ज्ञांनी असे रोज मोजूनच लावला. फक्त लेखात ‘रोज’ हे नाम आहे, क्रियाविशेषण नव्हे, हे कळेल अशी वाक्यरचना करावी. ‘मायकेलॲन्जेलोने रोज रंगवला’ असे लिहिलेत, तर वाचक पुन्हा अडेल.