नकळत शिकणं खरंच 'नकळत' होतं, हे प्रयोगात दाखवायचं कसं?

रानवाट:
एम.ए.च्या प्रकल्पासाठी प्रयोग आखायचा आहे. पडद्यावर चार जागा, कीबोर्डवर चार कळा. ठिपका दिसेल त्या जागेची कळ दाबायची. ठिपका ठरलेल्या क्रमाने फिरतो, हे सहभागींना सांगायचं नाही. निसेन आणि बुलेमर या संशोधकांनी १९८७ मध्ये वापरलेला १० जागांचा क्रम (४-२-३-१-३-२-४-३-२-१) घ्यावा असं वाटतं. शेवटी 'काही क्रम जाणवला का?' असं विचारायचं, आणि 'नाही' म्हणणारे नकळत शिकले असं धरायचं. पुरेसं आहे का?

चौकट:
नाही. पहिली अडचण क्रमातच आहे. मोजून पाहा: २ आणि ३ तीन-तीनदा येतात, १ आणि ४ दोन-दोनदाच. मधल्या जागांवर ठिपका जास्त येतो, एवढं अंगवळणी पडलं तरी वेग वाढतो. त्यात क्रम शिकल्याचा पुरावा नाही.

त्याऐवजी १२ चा क्रम घ्या: ३-४-२-३-१-२-१-४-३-२-४-१. यात प्रत्येक जागा तीनदा आणि लागोपाठच्या दोन जागांची प्रत्येक जोडी एकदाच येते, म्हणून मागच्या दोन जागा धरल्याशिवाय पुढची सांगता येत नाही. जोडीला दुसरा क्रम ठेवा: ३-४-१-२-४-३-१-४-२-१-३-२. पहिल्यात ३-४ नंतर २ येतो, इथे १. बाराही जोड्यांनंतर असाच फरक पडतो.

९६ दाबांचा एक ब्लॉक (क्रमाच्या ८ फेऱ्या), असे १५ ब्लॉक. तेराव्यात गुपचूप दुसरा क्रम लावा आणि चौदाव्यात पहिला परत आणा. बाराव्या-चौदाव्याच्या सरासरीपेक्षा तेरावा जेवढा मंद, तेवढंच क्रमाचं शिकणं. पहिल्या आणि शेवटच्या ब्लॉकमधला फरक धरू नका. त्यात नुसता बोटांचा सराव मिसळलेला असतो. चुकलेले दाब गाळा आणि प्रतिक्रियाकालाचा (ठिपका दिसल्यापासून कळ दाबेपर्यंतच्या वेळेचा) मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्या. प्रत्येक ब्लॉक क्रमाच्या वेगळ्या जागेपासून सुरू करा.

सायंतारा:
दुसरी अडचण प्रश्नाची. 'नाही' म्हणणाऱ्याला क्रमाचे तुकडे माहीत असू शकतात. फक्त ते सांगण्याइतकी खात्री नसते. म्हणून डेस्ट्रेबेक आणि क्लीरेमन्स यांची २००१ मधली पद्धत वापरा. आधी क्रम होता हे सांगून टाका. मग ९६ दाब 'आठवेल तसा तोच क्रम काढा' म्हणून घ्या आणि ९६ दाब 'तो क्रम टाळा' म्हणून. तीन-तीन दाबांचे किती तुकडे शिकवलेल्या क्रमाशी जुळतात ते मोजा. तीच कळ लागोपाठ दाबायची नाही असा नियम असेल, तर योगायोगाने १/३ तुकडे जुळतात. टाळायला सांगूनही १/३ पेक्षा जास्त जुळले, तर ते ज्ञान माणसाच्या ताब्यात नाही. त्यांच्या प्रयोगात कळ दाबताच पुढचा ठिपका आला की क्रम टाळता येईना. मध्ये २५० मिलिसेकंद थांबा दिला की टाळता येई. पण २००४ मध्ये विल्किन्सन आणि शँक्स यांना थांबा नसतानाही सहभागी क्रम टाळताना दिसले. त्यामुळे निष्कर्ष जपून लिहा.

रानवाट:
चाचणीत ज्यांचे गुण योगायोगाइतके, तेवढेच लोक वेगळे काढून त्यांचं शिकणं मोजलं तर?

सायंतारा:
ते अजिबात करू नका. छोट्या चाचणीत मोजमापाची चूक मोठी असते. थोडी जाणीव असलेले काही जणही त्या दिवशी नशिबाने कमी गुण मिळवतात आणि तुमच्या 'अजाण' गटात येऊन बसतात. मग त्या गटात शिकणं दिसणारच. सगळ्यांचे आकडे एकत्र ठेवा.

ओवी_३१:
जाणिवेबद्दल प्रकल्पात काय म्हणता येईल, तेही ठरवून ठेवा. मराठी भाषकाला 'फिळगा' हा निरर्थक शब्द देऊन 'ला' लावायला सांगा. 'फिळग्याला' हेच बरोबर, याची त्याला खात्री असते. पण 'घोड्याला' होतं आणि 'काक्याला' का होत नाही, हे विचारलं की बहुतेक जण अडतात. उत्तराची जाणीव आहे, त्यामागच्या घडणीची नाही. डीन्स आणि स्कॉट यांनी २००५ मध्ये हाच भेद मांडला. म्हणून 'जाणीव होती की नव्हती' असं न विचारता 'कशाची जाणीव होती' हे विचारा. चाचणीतल्या प्रत्येक उत्तराखाली, ते कशावरून दिलं याचे चार पर्याय द्या: अंदाज, आतून वाटलं, आठवलं, नियम माहीत होता. 'आतून वाटलं' म्हणणाऱ्यांचीही उत्तरं योगायोगापेक्षा जास्त बरोबर आली, तर उत्तर बरोबर आहे हे त्यांना कळत होतं, का बरोबर आहे हे मात्र नाही.