वाकड्या मुळाचा, हाडात अडकलेला पुढचा दात: काढावा की ओढून खाली आणावा?

रानजाई (धागाकर्ती)

"मूळ वाकडं आहे, दात कामाचा नाही, काढून टाकू." माझ्या मुलाच्या वरच्या उजव्या पटाशीच्या दाताचा निकाल पहिल्या दवाखान्यात पाच मिनिटांत लागला. तो तेव्हा साडेआठ वर्षांचा होता. डावा दात येऊन वर्ष होत आलं होतं, उजवीकडचा शेजारचा छोटा दातही उतरला होता, मधली जागा मात्र रिकामीच. शेजारचा दात मधल्याच्या आधी आला की आत काहीतरी अडलंय, हे मला फार उशिरा कळलं. "येईल हळूहळू" म्हणत मी काढलेल्या महिन्यांची रुखरुख अजून आहे.

चार वर्षांचा असताना तो तोंडावर पडला आणि दुधाचा दात हिरडीत घुसला. त्या वयात आतल्या कायमच्या दाताचा दिसणारा भाग जवळपास घडलेला असतो, मूळ मात्र अजून व्हायचं असतं. धक्क्यानं घडलेला भाग फिरतो आणि मूळ जुन्याच दिशेनं वाढत राहतं. तिथे कोन पडतो. आमच्याकडे दाताची धार चक्क नाकाकडे वळली होती; ओठाखाली वर बोट फिरवलं की कडक गाठ लागायची.

माझं मत: काढणं हा शेवटचा उपाय असावा. दात गेला की तिथलं हाड खचत जातं. इम्प्लांट (हाडात स्क्रूसारखा बसवलेला कृत्रिम दात) जबड्याची वाढ संपेपर्यंत बसवता येत नाही, कारण ते हाडाशी जखडलेलं असतं. शेजारचे दात वाढीबरोबर खाली सरकतात आणि ते वरच राहतं. म्हणजे नवव्या वर्षापासून विशीपर्यंत काढता-घालता दात. ओढून आणलेल्या दाताबरोबर मात्र हाड आणि हिरडीही खाली येते. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी तारा लावून जागा केली, मग हिरडी उघडून दातावर बटण चिकटवलं, साखळी बाहेर काढून हिरडी पुन्हा शिवली. त्या साखळीनं दात हळूहळू ओढत आणायला १९ महिने लागले. दात ओळीत आहे.

त्रिमितीय स्कॅनसुद्धा न करता "काढा" कसं म्हणवतं?

उंबरठा

ताई, तुमच्या मुलाचं छान झालं, पण त्यावरून नियम करू नका. माझी मुलगी साडेदहा वर्षांची असताना आम्ही हाच मार्ग धरला. "दात वाचवू या" हे शब्द ऐकल्यावर कोणता बाप नाही म्हणेल? बटण निघालं म्हणून हिरडी दुसऱ्यांदा उघडावी लागली. पुढे दात अर्ध्यावर येऊन थांबला आणि आधाराला धरलेले शेजारचे दातच वर ओढले जाऊ लागले. चावताना पुढचे दात मिळेनात. तेव्हा कळलं की अडकलेला दात हाडाला चिकटलाय. दोन वर्षांनी, गेल्या महिन्यात तो काढलाच.

मुलीनं विचारलं, "मग आधीच का नाही काढला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षांत एकदाही तिला विचारलं नव्हतं की तुला हे हवंय का. हाडाचं गणित मांडताना पोराचं बालपणही मांडा.

धुळाक्षर

मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावून दात ओळीत आणणारा डॉक्टर आहे, त्यामुळे माझा कल ओढण्याकडे असणार, हे धरूनच वाचा.

तुम्हा दोघांच्या मुलांत मोठा फरक वयाचा आहे. साडेआठला या दाताचं मूळ अपुरं असतं. दात लवकर वळवला तर उरलेलं मूळ बरेचदा बऱ्या दिशेनं वाढतं. साडेदहाला ते बहुधा पूर्ण झालेलं असतं, म्हणजे जो कोन आहे तो कायमचा. दुसरा प्रश्न, वाक कुठे आहे. मुळाच्या टोकाशी असला तर निभावतं. दाताच्या मानेजवळ, म्हणजे मूळ सुरू होतं तिथे, काटकोनात असला तर दात सरळ करताना मुळाचं टोक ओठाकडचं हाड फोडून बाहेर येऊ शकतं. मग रूट कॅनॉल करून टोक छाटावं लागतं. जोरही बेताचा हवा, साधारण ६० ते ९० ग्रॅम. घाई केली की मूळ झिजतं.

स्कॅनबद्दल रानजाईंशी पूर्ण सहमत. मूळ एक्स-रेच्या किरणांच्या दिशेनं वळलेलं असेल तर साध्या फिल्मवर ते फक्त आखूड दिसतं, टोकाशी गोल ठिपका, नेमबाजीच्या लक्ष्यासारखा. त्यावरून कोन मोजता येत नाही.

पण "काढणं शेवटी" हे मला पटत नाही. शेवटपर्यंत थांबलात तर दुसरी एक वाट बंद होते. दाटीमुळे उपदाढ (सुळा आणि दाढ यांच्यामधला दात) काढायचीच असेल तर तीच पुढच्या जागी लावता येते. नॉर्वेतल्या ओस्लोमध्ये स्लाग्सवोल्ड आणि बियर्के या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात अपुऱ्या मुळाच्या उपदाढा अशा हलवल्या आणि त्यांची मुळं नव्या जागी वाढत राहिली. असा दात शेजारच्या दातांबरोबर खाली सरकतो, जे इम्प्लांटला जमत नाही. अट एकच: उपदाढेचं मूळ दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश झालेलं असताना हे करायचं. म्हणून दोन्ही योजना पहिल्याच भेटीत समोर हव्यात.

कोरांटी

माझा दात नवव्या वर्षी काढला. टाळूला प्लेट, तिला एक दात. वर्गात वाचायला उभी राहिले की जिभेनं ती दाबून धरायची. वाढेल तशी नवी प्लेट. बावीसाव्या वर्षी इम्प्लांट, त्याआधी हाडाची भर घालावी लागली, तरी तिथली हिरडी शेजारच्यापेक्षा वर आहे. मी हसताना ओठ आवरते.

उंबरठा, बालपणाचं तुम्ही लिहिलंत म्हणून सांगितलं. दात काढूनही ते सुटत नाही. मला दोन वर्षं तारा चालल्या असत्या.

उंबरठा

तुमचं वाचून थांबलो जरा. तरीही माझं म्हणणं उरतंच: सुरू करतानाच सांगा की अमुक महिने दात हलला नाही तर थांबू. आम्हाला दर भेटीला "अजून थोडं" एवढंच ऐकायला मिळालं.

रानजाई

हे मान्य. आम्हालाही कोणी असं सांगितलं नव्हतं, दात सरकत गेला म्हणून प्रश्न उठला नाही. आणि मी वर पूर्ण लिहिलं नाही: दात ओळीत आला तरी वरच्या हिरडीखाली मुळाचं टोक हाताला लागतं. धुळाक्षर म्हणतात ते रूट कॅनॉल बहुधा आमच्याही वाट्याला येईल. तरी काढण्यापेक्षा हेच निवडेन. "शेवटचा उपाय" हे शब्द मात्र मागे घेते.

उंबरठा

धुळाक्षर, मुलगी आता साडेबारा वर्षांची आहे. खालच्या जबड्यात दाटी आहे, दात काढावे लागतील असं आधीच सांगितलंय. त्या उपदाढेसाठी उशीर झालाय का?

धुळाक्षर

कदाचित नाही. खालच्या दुसऱ्या उपदाढेचं मूळ साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी पूर्ण होतं. पण काढलेल्या जागेचं हाडही रोज आकसतंय, त्यामुळे दोन्हीकडून वेळ कमी आहे. याच आठवड्यात स्कॅन घ्या आणि उपदाढा हलवण्याचा अनुभव असलेल्या सर्जनना दाखवा. आणि या वेळी मुलीला सोबत बसवून विचारा.