‘सदोष मनुष्यवध’ की ‘हयगयीने मृत्यू’?

प्राचीती:
अवजड वाहनांच्या चालकांसाठी कायद्याची एक पुस्तिका मराठीत करते आहे. गाडी चालवताना चुकून कुणाचा जीव गेला तर पुढे काय होतं, यावर एक प्रकरण आहे. संपादकांनी त्यात सगळीकडे ‘सदोष मनुष्यवध’ असा बदल करून पाठवलाय. बातम्यांत हाच शब्द येतो, लोकांना तोच कळतो, असं त्यांचं म्हणणं. मी ‘हयगयीने मृत्यूस कारण होणे’ लिहिलं होतं, त्यावर ‘हयगय हल्ली कोण म्हणतं?’ असा शेरा आलाय. चालकाला एका वाचनात कळेल आणि कायद्यालाही धरून असेल, असं काय लिहावं?

वकील विश्राम:
प्राचीताई, इथे अजिबात मागे हटू नका. जुन्या दंड संहितेतलं 304-अ हे कलमच मुळी ‘सदोष मनुष्यवध नसलेल्या’ बेदरकार किंवा हयगयीच्या कृतीसाठी आहे. 1860च्या मूळ संहितेत ते नव्हतं, 1870मध्ये घातलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात ते 106(1) झालं आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली, वर दंड. सदोष मनुष्यवध हे कलम 105. तिथे मारायचा हेतू नसला तरी ‘यात माणूस मरू शकतो’ याची जाणीव होती हे सिद्ध करावं लागतं, आणि मग दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. 106(1) जामीनपात्र, 105 अजामीनपात्र. ज्याच्या हातून अपघात झालाय त्याच्या घरच्यांना त्या रात्री नेमकं हेच माहीत असायला हवं असतं.

कोशातला किडा:
वकीलसाहेब म्हणतात ते कायद्यापुरतं बरोबर. माझा आक्षेप ‘सदोष’वरच आहे. मराठीत यंत्र सदोष असतं, मीटर सदोष असतो, मतदारयादी सदोष असते. ‘सदोष ब्रेकमुळे अपघात, चालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा’ हे वाक्य वाचून बघा. एकाच ओळीत एकाच शब्दाचे दोन अर्थ. ‘दोषी’ माणूस आणि ‘सदोष’ वस्तू हा भेद आपल्या बोलण्यात पक्का आहे. भाषांतर करणाऱ्यांनी संस्कृत व्युत्पत्ती पाहिली, मराठी कान पाहिला नाही.

आडवाट:
आणि ‘वध’? वध कंसाचा होतो, रावणाचा होतो, अफझलखानाचा होतो. मारला गेलेला मरायलाच हवा होता, असं तो शब्द सांगतो. म्हणून तर गांधीजींच्या खुनाला कुणी वध म्हटलं की आजही लोक चिडतात, आणि त्यांचं चिडणं योग्य आहे. रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा ‘वध’ होतो का?

कोशातला किडा:
नाही पटत. ‘गोवध’, ‘वधस्तंभ’, ‘वध्य पशू’ यांत कुठे पापी मारला जातोय? संस्कृतात वध म्हणजे नुसतं मारणं. पुराणकथांनी एक छटा चढवली म्हणून मूळ अर्थ टाकून द्यायचा का?

आडवाट:
मूळ अर्थ कोशात असतो. वाचणाऱ्याच्या मनात छटाच असते.

सुनीती:
हिंदीवाले बातमीत सरळ ‘गैर इरादतन हत्या’ म्हणतात. आपण ‘इरादा’ घेतलाय, मग हे का नाही घेत?

वकील विश्राम:
सुनीती, कारण त्यानेही गोंधळच होतो. हिंदी बातम्यांत ते 105ला म्हणतात. पण इरादा तर 106(1)मध्येही नसतो. दोन कलमांमधली रेघ ‘जाणीव’ या शब्दावर आहे. 2006मध्ये मुंबईत कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या सात जणांचा गाडीखाली जीव गेला. खालच्या न्यायालयाने 304-अखाली सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने 304चा, म्हणजे जुन्या संहितेतल्या सदोष मनुष्यवधाच्या कलमाचा, दुसरा भाग लावून तीन वर्षं दिली आणि 2012मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. घटना तीच, चालक तोच. दारू पिऊन त्या वेगाने गाडी हाकताना काय होऊ शकतं याची त्याला जाणीव होती, असं वरच्या न्यायालयांनी धरलं, म्हणून कलम बदललं.

तात्या मुनशी:
पोलीस ठाण्यात लेखनिक म्हणून माझी नोकरी झाली. फिर्यादीत आम्ही ठरलेलं वाक्य लिहीत असू: ‘आपल्या ताब्यातील वाहन रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने चालवून अमुक याच्या मरणास कारणीभूत झाला.’ यातला एकही शब्द शोभेचा नाही. ‘अविचाराने’ म्हणजे धोका दिसत असताना झोकून देणं, ‘हयगयीने’ म्हणजे पाहायला हवं होतं ते न पाहणं. ‘भरधाव’ मात्र एकटा टिकत नाही. नुसता ‘जास्त वेग’ म्हणजे हयगय नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका खटल्यात 1998मध्ये सांगितलंय. साक्षीदार ‘गाडी लई जोरात होती’ एवढंच सांगायचा आणि खटला पडायचा.
आणि ‘हयगय’ मेलेला शब्द नाही. ‘कामात हयगय खपवून घेणार नाही’ हे प्रत्येक कचेरीत ऐकू येतं.

कोशातला किडा:
तात्या, हयगयमधला ‘गय’ म्हणजे ‘गय करणे’तलाच, असं मला फार दिवसांपासून वाटतं. स्वतःची गय केली की कामाची हयगय होते. ‘हय’ म्हणजे घोडा असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.
‘बेदरकार’ मात्र स्वच्छ फारसी. दरकार म्हणजे गरज, पर्वा. ज्याला दुसऱ्याच्या जिवाची दरकार नाही तो बेदरकार. हिंदी कायद्यात तिथे ‘उतावलापन’ आहे. मराठीत उतावळा म्हटलं की गुडघ्याला बाशिंग आठवतं, अपघात नाही. इथे आपलं भाषांतर सरस आहे.

सुनीती:
माझे मामा ट्रक चालवायचे. एका वळणावर सायकलवाला त्यांच्या चाकाखाली आला. खटल्यातून ते सुटले, पण घरात कुणी कधी ‘मामांनी मारलं’ म्हटलं नाही. ‘मामांच्या हातून एक माणूस गेला’ असंच म्हणायचे. कप फुटला तर ‘मी फोडला’ वेगळं आणि ‘माझ्या हातून फुटला’ वेगळं. हेतू नव्हता, पण हात माझा होता, हे दोन्ही त्या एका शब्दात येतं. प्राचीताई, पुस्तिकेत ‘तुमच्या हातून कुणाचा मृत्यू झाला तर’ असं चालणार नाही का?

आडवाट:
फार चांगलं आहे. ‘गाडीने उडवलं’, ‘चिरडलं’ यांत तर चालकच गायब असतो, जणू गाडी स्वतःच चालत होती.

वकील विश्राम:
मथळ्यात वापरा, कलम सांगताना नको. हातून मृत्यू झाला म्हणजे गुन्हा झालाच असं नाही. कायदेशीर काम योग्य ती काळजी घेऊन करताना घडलेला अपघात हा गुन्हाच नव्हे, हे संहितेच्या 18व्या कलमात आहे, पूर्वी 80व्यात होतं. त्यामुळे ‘अपघाताचा गुन्हा दाखल’ ही बातमीतली ओळ मला खटकते. अपघात असेल तर गुन्हा नाही, गुन्हा असेल तर तो हयगयीचा.

तात्या मुनशी:
साहेब, ठाण्यात ‘अपघाताचा गुन्हा’ हाच शब्द रूढ आहे. तो बदलायला गेलात तर हवालदार तुमच्याकडे बघत राहील. लोक बोलतात ती भाषा.

वकील विश्राम:
तात्या, मग ‘सदोष मनुष्यवध’ही लोक बोलतात. तो का नाकारायचा?

तात्या मुनशी:
कारण त्याने माणसाचा जामीन अडल्यासारखा वाटतो. ‘अपघाताचा गुन्हा’ने कुणाचं नुकसान होत नाही.

आडवाट:
म्हणजे शुद्ध-अशुद्ध नुकसानीवर ठरवायचं?

प्राचीती:
सगळ्यांचे आभार. ‘हातून’ मथळ्यात घेते आहे. आता दुसरी अडचण. 106(2)साठी, म्हणजे पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा, यासाठी संपादकांना ‘हिट अँड रन’च हवंय. जानेवारी 2024मध्ये वाहनचालकांनी संप केला तो यावरूनच, आणि संहिता लागू करणाऱ्या अधिसूचनेत हे उपकलम वगळलं होतं, हेही लिहायचं आहे. ‘ठोकून पळणे’ बरं वाटतं का?

तात्या मुनशी:
आम्ही ‘अपघाताची खबर न देता पळून गेला’ लिहायचो. मोटार वाहन कायद्याच्या 134व्या कलमात जखमीला दवाखान्यात नेणं आणि पोलिसांना खबर देणं ही दोन्ही कर्तव्यं आहेत. ‘ठोकून पळणे’त खबरीचा भाग येत नाही.

कोशातला किडा:
‘खबर’पेक्षा ‘वर्दी’ घ्या. पोलिसांकडे वर्दीच देतात.

सुनीती:
वर्दी म्हणजे गणवेश नाही का?