जुनी स्विफ्ट, कोइम्बतूरचा ट्रॅक आणि चाळीस हजारांचं बजेट

होटगीरोड_के१२:
मंडळी, २०१२ची स्विफ्ट पेट्रोल व्हीएक्सआय आहे, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. ९० हजार किलोमीटर झालेत, इंजिन ठणठणीत, बाकी सगळं कंपनीचंच. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे, म्हणजे फी भरून आपलीच गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस, करायचाय. गाडी सोलापूरहून चालवत न्यायची आणि त्याच गाडीतून परत यायचं, सोमवारी तीच ऑफिसला लागणार. एंट्री फी, पेट्रोल, राहणं सगळं धरून चाळीस हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. गॅरेजवाला फ्री-फ्लो सायलेन्सर आणि कोनवाला एअर फिल्टर बसवू म्हणतोय. बसवू का? आणि खरं तर काय बदलायला हवं?

बारा_नंबर_पाना:
सायलेन्सर, फिल्टर दोन्ही राहू द्या. आवाज वाढेल, लॅपला लागणारा वेळ कमी होणार नाही. आधी हिशोब बघा. सोलापूर-कोइम्बतूर जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटरच्या घरात. १५चं अ‍ॅव्हरेज धरलं तरी १३३ लिटर, म्हणजे चौदा हजार रस्त्यातच गेले. ट्रॅकवर मिळणार पंधरा-पंधरा मिनिटांची चार सेशन. त्या तासाभरात सत्तर-ऐंशी किलोमीटर होतील आणि बारा-तेरा लिटर पेट्रोल जाईल. सोलापूरकराचं खरं दुखणं हेच आहे, गाडी नाही.

उरलेले पैसे ब्रेकवर घाला. पहिलं काम ब्रेक ऑइल, डॉट ही त्याची ग्रेड. डॉट ३ नवं असताना २०५ अंशांवर उकळतं, पाणी शोषल्यावर १४०वरच. डॉट ४ नवं २३०, जुनं झालं की १५५. म्हणजे दोन-तीन वर्षं पडून असलेलं डॉट ४ ताज्या डॉट ३पेक्षा वाईट. सीलबंद बाटलीच घ्या, एक लिटर पुरतं. डॉट ५ चुकूनही घालू नका, ते सिलिकॉनचं असतं. ५.१ चालतं.

ब्लीडिंग, म्हणजे पेडल मारत जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढणं, लांबच्या चाकापासून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पेडल मारणाऱ्याला सांगा, तळापर्यंत दाबायचं नाही, खाली लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरच्या (पेडलमागे ऑइलचा दाब तयार करणारा भाग) न वापरलेल्या भागात गंज असतो, त्यावरून सील गेलं की फाटतं. मग ब्लीडिंग केलं आणि पेडलच बसलं, असं होतं.

चिंचोली_एमआयडीसी:
वरच्याला जोडून. पुढच्या ब्रेक पॅडचं अस्तर ७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर नवीन टाका. पातळ पॅडमधून उष्णता थेट कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिस्टनला आणि तिथून ऑइलला जाते. नवे पॅड लावून सरळ ट्रॅकवर जायचं नाही. मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, ६०वरून २०वर असं आठ-दहा वेळा आणायचं, पूर्ण थांबायचं नाही. मग दहा मिनिटं शक्यतो ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, चालवायची. काढलेले पॅड फेकू नका, डिकीत ठेवा. परतीचे हजार किलोमीटर त्यांच्यावर होतात.

ट्रॅकवर दोन लक्षणं वेगळी ओळखा. पेडल कडक पण गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड तापले. पेडल मऊ होऊन खाली जातंय, म्हणजे ऑइल उकळलं. पहिल्यात दोन लॅप सावकाश काढल्या की ब्रेक परत येतो. दुसऱ्यात पेडल पटापट मारून दाब तयार करा, गिअर उतरवा, पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागी) या आणि पुन्हा ब्लीडिंग केल्याशिवाय निघू नका. शेवटची लॅप कायम ब्रेक न वापरता. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. तापलेल्या डिस्कवर पाणी मारणारे महाभाग असतात, त्यांच्यापासून लांब राहा.

सिद्धेश्वर_जीटी:
एवढं लांब कशाला जायलालाव? रात्री बायपास मोकळाच असतोय की.

बारा_नंबर_पाना:
@सिद्धेश्वर_जीटी, मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ वाचा. रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात उसाची ट्रॉली दिवा नसताना समोर येते. हा विषय इथे नको.

विमा मात्र सगळ्यांनी बघा. साध्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर बंपर गेला तर खिशातून, असं धरूनच जा.

पंक्चर_पार्क_चौक:
टायरचं कुणी बोललं नाही. ट्रेड चांगला असेल तर नवे घेऊ नका, पण वय बघा. साइडवॉलवरच्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांवरचा टायर नको.

पहिल्या सेशनआधी थंड २८-२९ पीएसआय ठेवा. पिटमध्ये आल्याबरोबर, गरम असतानाच गेज लावा आणि ३४वर आणा. उजवी वळणं जास्त असलेल्या ट्रॅकवर पुढचा डावा सगळ्यांत जास्त चढलेला दिसेल. टायरच्या कडेला खडूच्या रेघा मारा. खडू साइडवॉलपर्यंत पुसला गेला तर हवा कमी आहे. तुमचा १६५/८०चा टायर उंच आहे, थोडा लोळणारच. एबीएस नाही म्हणून सांगतो, चाक लॉक झालं की पाय किंचित सैल करा. एकदा फ्लॅट स्पॉट (घासून टायरवर पडलेला सपाट डाग) पडला की कोइम्बतूर ते सोलापूर स्टिअरिंग थरथरतं.

टाकी अर्ध्याखाली नेऊ नका, लांब वळणात पंप हवा ओढतो आणि इंजिन झटके देतं. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेला, त्याच्या वर नाही. ड्रायव्हरची मॅट काढा.

होटगीरोड_के१२:
सायलेन्सर रद्द. एक मित्र अर्धा खर्च द्यायला तयार आहे, दोघांनी एकच गाडी चालवली तर?

चिंचोली_एमआयडीसी:
खर्च वाटला जाईल, पण ब्रेकला दुप्पट काम. एकानंतर लगेच दुसरा बसायचा नाही, मध्ये अर्धा तास बॉनेट उघडं ठेवून गार होऊ द्या. प्रत्येक सेशननंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने (किती घट्ट ते मोजणाऱ्या पान्याने) तपासा, आकडा मॅन्युअलमध्ये आहे. दुसरा पॅडसेटही दोघांत घ्या.

पंक्चर_पार्क_चौक:
आणि संध्याकाळी निघण्याआधी हवा परत ३०वर भरा. गरम असताना काढलेली हवा गार झाल्यावर २६-२७च दाखवते, तशीच सामान भरून हायवेला लागलात तर साइडवॉल तापून फुटतो. फूटपंप सोबत न्या.