योसेमिटीचे धबधबे आणि महावृक्ष एका दिवसात कसे बसवायचे? (मदत हवी आहे)

विजापूर_वेस
भाऊ सॅन होजेला असतो, त्याच्याकडे जाणार आहोत. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कातले धबधबे आणि ती अवाढव्य झाडं, दोन्ही एका दिवसात बघून रात्री घरी परत यायचंय. किती वाजता निघायचं, आधी काय, नंतर काय, एवढंच सांगा. यूट्यूबवर नुसते ड्रोन फिरतायत, कामाचं कोणी बोलत नाही. विमानाची तिकिटं याच आठवड्यात काढायचीत.

ट्रेकवेडा
कोणत्या महिन्यात? किती जण? गाडी आहे की बस? महिना कळल्याशिवाय धबधब्यांबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

विजापूर_वेस
महिन्याचं काय एवढं? विसर्जन झालं की निघायचं, दसऱ्याच्या आत सोलापुरात परत. पावसाळा नुकताच संपलेला, म्हणजे पाणी भरपूरच असणार ना? गाडी भावाची.

फ्रेस्नोकर
घोळ इथेच आहे. तिथे आपल्यासारखा पावसाळा नाही. पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात पडतं, उन्हाळा कोरडा ठाक. धबधबे चालतात ते सिएरा नेवाडा डोंगररांगेवरचं बर्फ वितळून. मे-जूनमध्ये पाणी सर्वात जास्त, मग उतरत जातं. ज्याचे फोटो तुम्ही पाहिलेत तो योसेमिटी फॉल्स एकूण ७३९ मीटरचा, त्यात वरचा टप्पा ४३६, खालचा ९८ आणि मध्ये लहान लहान उड्या. बहुतेक वर्षी ऑगस्टपर्यंत तो आटतो. सप्टेंबरअखेर गेलात तर काळ्या ओघळांची कोरडी भिंत बघाल.

कारण साधं आहे. त्याला पाणी पुरवणाऱ्या ओढ्याचं खोरं म्हणजे जवळजवळ उघडा ग्रॅनाइट, माती नावाला. तापल्या तव्यावर पाणी टिकत नाही, तसं तिथे पाणी मुरून राहत नाही. बर्फ संपलं की दुकान बंद. व्हर्नल (९७ मीटर) आणि नेवाडा (१८१ मीटर) हे दोन मर्सेड नदीवर आहेत. ती वरच्या उंच डोंगरांतून, तळ्यांतून येते, म्हणून ते बारा महिने वाहतात, पण सप्टेंबरात बारीक. ब्रायडलव्हेल (१८८ मीटर) तेव्हा वाऱ्यावर हलणारी धार असते, बस.

कडकभाकरी
काय बे, एवढे डॉलर घालून कोरडी भिंत बघायला जायलाय? पावसाळ्यात नळदुर्गला जा की. बोरी नदी भरली की किल्ल्यातल्या पाणी महालावरून नर-मादी धबधबे पडतात. हैदराबाद रोडला तासभर. आणि मोठं झाडच बघायचं तर विजापूरची गोरखचिंच हाय.

ट्रेकवेडा
मालक, माणूस भावाकडे चाललाय, नळदुर्गला नाही. @विजापूर_वेस, तिकिटं निघाली नसतील तर मे धरा. सोलापूरच्या उन्हातूनही सुटका होईल. फक्त मेच्या शेवटच्या सोमवारी त्यांची मोठी सुट्टी असते, ते शनिवार-रविवार-सोमवार टाळा, नाहीतर दिवस फाटकावरच्या रांगेत जाईल.

निशिगंधा
झाडांसाठी एवढं लांब कशाला? सॅन फ्रान्सिस्कोजवळ म्युअर वूड्स आहे, अर्ध्या दिवसात होतं. पार्किंग मात्र आधी आरक्षित करावं लागतं.

फ्रेस्नोकर
ताई, म्युअर वूड्स सुंदर आहे, पण तिथे किनाऱ्यावरचे रेडवूड. ते उंच आणि सडपातळ, समुद्राच्या धुक्यावर वाढतात. जगातलं सर्वात उंच झाड त्याच जातीचं. धाग्यात विचारलेत ते जायंट सिकोया, उंचीला थोडे कमी पण घेराला प्रचंड, आणि निसर्गतः फक्त सिएराच्या पश्चिम उतारावर. साल दोन फुटांपर्यंत जाड. दोन्ही झाडं वेगळी, एक बघून दुसरं बघितल्याचं समाधान होत नाही.

शर्मनभक्त
मग सरळ सिकोया नॅशनल पार्कला जा ना! जनरल शर्मन, ८३.८ मीटर उंच, खोडाच्या आकारमानाने जगातलं सर्वात मोठं झाड. योसेमिटीची झाडं त्यापुढे काहीच नाहीत. धबधबा हवा तर लॉजपोलहून टोकोपा, एका बाजूला पावणेतीन किलोमीटर चाल. दोन्ही एकाच पार्कात.

फ्रेस्नोकर
टोकोपाही बर्फावरच चालतो, तेव्हा सप्टेंबरचं दुखणं तिथेही तेच. शिवाय पायथ्याकडून चढणाऱ्या जनरल्स हायवेला वळणांवर वळणं आहेत, ज्याला गाडी लागते त्याचे हाल. शर्मनचा मुख्य वाहनतळ वर, झाड खाली. जाताना ०.८ किलोमीटर उतार आणि पायऱ्या, म्हणजे परतताना तेवढाच चढ, तोही सुमारे २१०० मीटर उंचीवर. बरोबर वयस्कर कोणी असेल तर दम लागतो.

विजापूर_वेस
आई आहे बरोबर, वय ६८. गुडघ्यांचा त्रास आहे, सपाटीला दोन-तीन किलोमीटर चालते, पायऱ्या नको म्हणते. मी, बायको, आई आणि गाडी चालवायला भाऊ.

ट्रेकवेडा
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं!

शर्मनभक्त
शर्मनला अपंग परवान्याच्या गाड्यांसाठी खालच्या रस्त्याला वेगळी जागा आहे, पायऱ्या लागत नाहीत. एकदम नाही म्हणू नका.

फ्रेस्नोकर
परवाना असेल तर. या चौघांकडे तो असल्याचं कुठे लिहिलंय? योसेमिटीच धरा, पण एका दिवसात नाही. सॅन होजे ते योसेमिटीची दरी चार तास, परत चार तास. शिवाय झाडं (मारिपोसा ग्रोव्ह ही सिकोयांची राई, दक्षिण फाटकाजवळ) आणि धबधबे (दरीत) यांच्यात सव्वा तासाचा घाटरस्ता. उरतं काय?

असं करा. पहिल्या दिवशी दुपारी निघून दक्षिण फाटकाबाहेरच्या ओकहर्स्ट गावी मुक्काम. तिथेच पेट्रोल भरा, कारण दरीत पंप नाही. सकाळी लवकर निघा, दक्षिण फाटक अर्ध्या तासावर. फाटकाशेजारच्या वेलकम प्लाझाला गाडी लावायची आणि मोफत शटलने साधारण तीन किलोमीटर वर ग्रोव्हमध्ये जायचं. जागा सुमारे ३०० गाड्यांची, उशिरा गेलात की भरलेली. शटल बर्फाच्या महिन्यांत बंद असते, मेमध्ये चालू मिळते.

आईंसाठी बिग ट्रीज लूप, अर्धा किलोमीटर, सपाट. त्यावरच फॉलन मोनार्क हा पडलेला महावृक्ष आहे, मुळांच्या पंख्याशेजारी उभं राहिलं की आकार कळतो. जमलं तर पुढे ग्रिझली जायंटचा फेरा, सव्वातीन किलोमीटर, चढ नव्वद मीटरच्या आसपास, सावकाश दीड-दोन तास. त्या झाडाचं वय सुमारे ३००० वर्षं, उंची ६४ मीटर. शेजारी १८९५ मध्ये बोगदा कोरलेलं कॅलिफोर्निया टनेल ट्री, त्यातून चालत जाता येतं. जुन्या फोटोंत ज्यातून मोटार जाताना दिसते ते वावोनाचं झाड १९६९ मध्येच पडलं, ते शोधत बसू नका. आणि कुंपण ओलांडून खोडाला टेकू नका. एवढ्या झाडाची मुळं उथळ असतात, लांबवर पसरलेली. पायांनी माती दाबली गेली की त्यांना पाणी मिळत नाही.

साडेअकराला तिथून निघा. दरीकडे जाताना रस्त्यावरचा बोगदा संपताच टनेल व्ह्यू, एक पाऊल न चालता एल कॅपिटन आणि हाफ डोम हे प्रचंड कडे आणि ब्रायडलव्हेल एका चौकटीत. दरीत सकाळी उशिरापासून वाहनतळ भरलेले असतात, तीननंतर सुटू लागतात, म्हणून हा क्रम. मग लोअर योसेमिटी फॉलचा फेरा, दीड किलोमीटरच्या आसपास, डांबरी. मेमध्ये पुलावर तुषारांनी भिजाल, चष्मा पुसायला कोरडं फडकं ठेवा. पुलापुढच्या दगडांवर चढायचं नाही, घासून गुळगुळीत झालेला ग्रॅनाइट बुटालाही धरत नाही.

ट्रेकवेडा
तुम्ही दोघांनी मिस्ट ट्रेल ही पायवाट करा! व्हर्नलच्या माथ्यापर्यंत ६०० च्या वर दगडी पायऱ्या, चढ ३०० मीटर. त्याशिवाय योसेमिटी पाहिलं म्हणायचं नाही.

फ्रेस्नोकर
मेमध्ये त्या पायऱ्या पाण्याने निथळत असतात. आईंना खाली एकटं बसवून चार तास? फारतर पादचारी पुलापर्यंत जा, एका बाजूला १.३ किलोमीटर. व्हर्नल तिथून दिसतो. पण तो रस्ताही चढाचाच, आईंना नको.

निशिगंधा
खर्चाचं कोणी बोललं नाही. २०२६ पासून १६ वर्षं आणि त्यावरच्या परदेशी पाहुण्याला योसेमिटीत माणशी १०० डॉलर जादा आहेत, गाडीचे ३५ वेगळे. तुम्ही तिघे म्हणजे ३०० झाले. परदेशी लोकांसाठीचा वार्षिक पास २५० चा, तोच परवडतो. गाडीचं आरक्षण लागतं की नाही हा नियम वर्षागणिक बदलतो, जायच्या आधी पार्कच्या संकेतस्थळावर बघा.

विजापूर_वेस
भावाशी बोललो. मेचा दुसरा आठवडा, मधले वार, ओकहर्स्टला एक रात्र. जेवणाचं काय? आई बाहेरचं खात नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही घेऊन जाऊ, गाडीतच राहील.

ट्रेकवेडा
रात्री गाडीत अजिबात नाही. अस्वलं वासावर येतात आणि दार वाकवून काच फोडतात. चटणीला लसणाचा वास, मग विचारूच नका. पार्कात दिवसा काचा बंद करून गाडीत चालतं, अंधार पडल्यावर नाही. साबण, टूथपेस्ट, रिकामा डबासुद्धा अस्वल-पेटीत (अस्वलाला न उघडणारी पेटी) किंवा खोलीत.

कडकभाकरी
चटणी घट्ट पिशवीत बांधा आणि तिथल्या विमानतळावर खाण्याचं आहे म्हणून सांगा, लपवू नका. आणि नळदुर्गला ऑगस्टात जाऊन या, सांगतो म्हणून.

फ्रेस्नोकर
परतताना दरीतून १४० क्रमांकाच्या रस्त्याने मारिपोसा-मर्सेडमार्गे जा, वळणं कमी. घरी पोचायला रात्रीचे अकरा होतील. भाऊ एकटाच चालवणार असेल तर त्याच रस्त्यावर एल पोर्टल किंवा मारिपोसाला दुसरा मुक्काम धरा, आणि खोल्या आताच बघा, मेमध्ये ऐन वेळी मिळत नाहीत.