पायलट व्हायला रस्त्याकडेचा एकर विकावा का?

वसनाकाठ (मूळ धागा)

माझी भाची यंदा बारावी सायन्सला आहे. गाव कोरेगाव तालुक्यातलं, शिकायला साताऱ्यात मावशीकडे. तिला विमान कंपनीत पायलट व्हायचंय. आरडाओरडा नाही, रुसवा नाही, दोन वर्षं शांतपणे तेच एक सांगतेय. आता दाजींनी ठरवलंय की रस्त्याला लागून असलेला एक एकर विकायचा. गिऱ्हाईक इसार घेऊन तयार आहे. फ्लाइंग स्कूलने सांगितलेला आकडा ५५ लाख, त्यात टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान उडवायचं वेगळं प्रशिक्षण, नाही.

माझं मत स्पष्ट आहे, विकू नये. मुलगी आहे म्हणून म्हणत नाही. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी फक्त महिलांचं चालकदल घेऊन विमान नेलं, तेव्हा मी दुसरीत होतो. तो प्रश्न माझ्यापुरता तेव्हाच मिटला.

भीती वेगळीच आहे. २०० तास उड्डाण, डीजीसीएचे (सरकारच्या विमान वाहतूक खात्याचे) पेपर, मेडिकल, हे सगळं पार केल्यावर हातात काय येतं? सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स. नोकरी नाही. २०२३ मध्ये देशात १,६२२ सीपीएल दिली गेली, आणि घेणाऱ्या मोठ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्याही टिकतील असं नाही. किंगफिशर २०१२ मध्ये बसली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. कंपनी बंद पडली की हजारो तास उडवलेले पायलट रांगेत पुढे येऊन उभे राहतात आणि २०० तासांची पोरगी मागे ढकलली जाते. लायसन्स नुसतं कपाटात ठेवूनही चालत नाही. दरवर्षी मेडिकल, दरवर्षी इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (बाहेरचं दिसत नसताना नुसत्या उपकरणांवर उडवण्याची) चाचणी, दोन्हीला पैसे.

धाकटा भाचा आठवीत आहे. त्या एकरावर त्याचाही हक्क आहे, त्याला कुणी विचारलेलं नाही.

माझं चुकत असेल तर सांगा. दाजींना मी अजून विरोध बोलून दाखवलेला नाही.

रात्रपाळी_विश्रामबाग

मी सांगलीचा, सध्या एअरबस ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. तुमची चिंता खरी आहे पण काळ मागचा धरलाय. २०२३ मध्येच एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली. ती एका दिवसात येणार नाहीत, दहा-बारा वर्षं येत राहतील, आणि प्रत्येक विमानाला माणसं लागतात, एकदोन नव्हे. डिसेंबर २०२५ आठवा. पायलटची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली होती, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आल्या होत्या, त्या नियमांत बसतील एवढे पायलट नव्हते आणि इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. माणूस कमी पडला म्हणून विमानं जमिनीवर राहिली.

माझं लायसन्स २०१८ चं, पहिला पगार फेब्रुवारी २०२२ मध्ये. मधली वर्षं बाबांच्या मेडिकल दुकानात बसलो. गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली पुस्तक उघडायचो. कोविडमध्ये वाटलं संपलं सगळं. तरीही पुन्हा हाच रस्ता घेईन. पहाटे साडेपाचला ढगांच्या वर आल्यावर उजाडतं ना, ते मला कुणाला नीट सांगता आलेलं नाही.

वसनाकाठ

दादा, मनापासून अभिनंदन. पण ती चार वर्षं घर कुणी चालवलं?

रात्रपाळी_विश्रामबाग

बाबांनी. दुकान चालू होतं.

वसनाकाठ

दाजींकडे दुकान नाही. जो एकर विकणार तोच त्यांचा बागायती तुकडा, बाकी माळ आहे. तुमच्या पाठीशी जे होतं तेच इथे आधी विकायला काढलंय.

बेदाणा_तासगाव

सगळे जमीन जमीन करताय म्हणून लिहितो. माझी दोन एकर द्राक्षबाग. वडिलांनी एक गुंठा विकला नाही, मला पुण्याला इंजिनिअरिंगला पाठवायची वेळ आली तेव्हाही नाही. आज काय आहे? ऐन फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी रोग, फवारणीवर फवारणी, मणी तडकले की बेदाण्यालाही माल जात नाही. गेल्या पाच वर्षांत दोनदा सोसायटीचं कर्ज नवं-जुनं केलंय. पायलटचं बेभरवशाचं म्हणता, मग मी दर छाटणीला काय करतो? मी पण लाखो रुपये उघड्या आभाळाखालीच टाकतो.

पोरगी दोन वर्षं एकच गोष्ट मागतेय. विका आणि शिकवा. एकर राखून ती आयुष्यभर मनात कुढत राहिली तर त्या सातबाऱ्याचं काय करणार?

कराडचा_वारा

बेदाणाभाऊ, तुमचं दुःख समजतं, पण मी एकर विकलेला बाप आहे. माझं ऐका.

आमच्या घरावरून कराडच्या धावपट्टीची शिकाऊ विमानं जातात. कोयना प्रकल्पाच्या काळातली ती पट्टी. पोराने लहानपणापासून तेच पाहिलं. घातला त्याला, कराडला नाही, लांब परराज्यात. शाळेचं नाव लिहीत नाही. १८ महिन्यांत लायसन्स हातात, असं तोंडी सांगितलं होतं. ३७ महिने लागले. पावसाळ्यात ढग खाली आले की शिकाऊ विमान उडत नाही, चार महिने तिथेच गेले. दोन विमानं सुट्या भागांवाचून हँगरमध्ये उभी. शिकवणारे प्रशिक्षक कंपनीत नोकरी लागली की निघून जायचे, नवा येईपर्यंत पोरं रांगेत. आठवड्याला एक तास उड्डाण, कधी तेही नाही. हॉस्टेल, मेस, खोलीभाडं मात्र महिन्याच्या महिन्याला.

आमची सगळ्यात मोठी चूक म्हणजे फी एकरकमी भरली. पैसे त्यांच्याकडे गेल्यावर आमच्या फोनला उत्तर मिळेना. आणि २०० तास पूर्ण होत आले तेव्हा रेडिओचा पेपर, आरटीआर, राहिलेला होता.

आज तो २६ वर्षांचा आहे. दोन कंपन्यांच्या परीक्षा दिल्या, एकीत सिम्युलेटरपर्यंत गेला. घरी फोन वाजला की आधी त्याची आई उठते.

मिरजेची_आई

मूळ धाग्यातलं एक वाक्य मला खटकलंय. धाकट्याला कुणी विचारलं नाही, म्हणता. भाचीचाही त्या एकरावर तेवढाच हक्क आहे. ती स्वतःचा वाटा स्वतःच्या शिक्षणाला मागतेय, असं का नाही मांडलंत?

आमच्या नात्यात मुलाच्या लग्नाला दीड एकर गेला. जेवणावळी, बँड, बस्ता. तेव्हा कुठल्याही मामाने धागा काढला नव्हता. मुलीने विमान शिकायचं म्हटलं की सगळ्यांना किंगफिशर आठवतं. मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

वसनाकाठ

ताई, बोललात ते मला लागलं. मी त्या बाजूने विचार केला नव्हता. पण वाटा तिचा मानला तरी तो एका डावात लावावा का, हा प्रश्न राहतोच.

अजिंक्यतारा_पायथा

एनडीए, म्हणजे सैन्याची खडकवासल्याची प्रबोधिनी, का नाही? साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, देशातली पहिली. आता मुलींनाही एनडीएत प्रवेश आहे, २०२२ मध्ये पहिली तुकडी गेली. हवाई दलात शिकायला एक रुपया लागत नाही.

रात्रपाळी_विश्रामबाग

तिला सैन्यात जायचं असेल तर उत्तमच. पण विमान कंपनीत फुकटात जायची वाट म्हणून कुणी हवाई दल धरू नये. तिथे अनेक वर्षं सेवेचं बंधन असतं, आणि मनाने ती नोकरी वेगळी आहे.

तारण_गहाण

सहकारी बँकेत कर्ज विभागात २२ वर्षं काढली, सांगली जिल्ह्यात. इथे कुणीतरी शैक्षणिक कर्ज सुचवेल म्हणून आधीच लिहितो. साडेसात लाखांच्या वर बहुतेक बँका तारण मागतात. म्हणजे तोच एकर गहाण. ४० लाख उचलले आणि व्याज साडेदहा टक्के धरलं तर नुसतं व्याज वर्षाला ४ लाख २० हजार, महिन्याला ३५ हजार. साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने हप्ता सुरू होतो, नोकरी लागो न लागो. वरचे विश्रामबागवाले चार वर्षं थांबले, कराडवाल्यांचा मुलगा अजून थांबलाय. त्या काळात हप्ता कुठून?

विकलं तर निदान व्याज नाही. इतकी वर्षं कर्ज देऊन मी हे म्हणतोय: उत्पन्नाचा दुसरा आधार नसलेल्या घराने यासाठी कर्ज काढू नये. विकायचं तर विका, पण सगळं एकदम नको.

भाची ओबीसी, भटक्या-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गात येत असेल तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. त्यांनी नागपूरला पायलट प्रशिक्षणाची योजना राबवली होती. जागा मोजक्या.

कराडचा_वारा

तारणसाहेबांच्या ‘एकदम नको’ला धरून सांगतो. आम्ही उलट क्रमाने गेलो म्हणून बुडालो. आधी मेडिकल करा, क्लास टू म्हणजे सुरुवातीची आणि मग सीपीएलला लागणारी क्लास वन. रंग ओळखण्यात दोष निघाला, कानात काही निघालं, तर तिथेच कळू दे, खर्च हजारांतच राहतो. मग बारावीच्या निकालावर डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर (पेपरला बसायचा नोंदणी क्रमांक) काढा आणि पेपर घरी बसून द्या. नेव्हिगेशन, हवामान, नियमन, टेक्निकल, प्रत्येकात ७० टक्के लागतात. क्लास लावला तरी काही लाखांत होतं, विमानात बसायची गरज नाही. पेपर हातात आल्यावर शाळा शोधा. तिथे जाऊन ऑफिसात बसू नका, हँगरमागच्या चहाच्या टपरीवर पोरांना विचारा, गेल्या महिन्यात किती तास उडालास. फी तासांप्रमाणे, हप्त्याने. टाइप रेटिंग कंपनीची ऑफर आल्याशिवाय करू नका. माझ्या पोराच्या मित्राने बोइंग ७३७ चं करून ठेवलं, बोलावणं आलं ते ए३२० वाल्यांचं.

बेदाणा_तासगाव

हे पटलं. पण मामा, या सगळ्याच्या आडून ‘नको’ म्हणू नका. पेपर पास झाली तर मग शब्द फिरवायचा नाही.

वसनाकाठ

काल कोरेगावला जाऊन आलो. दाजींसमोर हा धागा मोठ्याने वाचला, मिरजेच्या ताईंचं आणि कराडच्या भाऊंचं दोनदा. इसार दोन महिने पुढे ढकललाय. गिऱ्हाईक थांबेल न थांबेल. माझं मत अजून ‘विकू नये’ असंच आहे, दाजींचं अजून ‘विकू’ असंच. बेदाणाभाऊ, पेपर पास झाली तर मी आडवा येणार नाही, हे तिच्यासमोर बोललोय. शनिवारी क्लास टू मेडिकलला तिला मीच घेऊन जातोय.

धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, विहिरीकडची बाजू ठेवा.

रात्रपाळी_विश्रामबाग

तिला चष्मा आहे का? असला तरी चालतो, त्याला मर्यादा आहेत. जुन्या नंबरचे कागद सोबत न्या आणि आदल्या रात्री तिला पुरेसं झोपू द्या. निकाल आला की इथे लिहा, मी रविवारी घरी आहे.